अर्धा डीबी

डीबीकाकांचं खरं नाव सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर असणारच. ते वाचायची वेळ आमच्यापैकी कुणावर आलेली नाही. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत ते नवे राहायला आले, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यातच चौकशी केली, "आपण काय करता?" काका नम्रपणे म्हणाले, "विकृती कमी करतो." पुढे "समुद्राखालच्या केबलमधून जाणाऱ्या प्रकाशातली" हे शब्दही ते बोलले होते, पण तोवर आजींनी दार लावून घेतलं होतं. बरेच दिवस काकांच्या मजल्यावर पोरं खेळायला जात नव्हती.

लांब पल्ल्याच्या ऑप्टिकल फायबरवर हयात घालवलेली माणसं ही एक स्वतंत्र जमात आहे. ती वर्सोव्याच्या आसपास सापडतात, जिथे परदेशाहून आलेल्या समुद्री केबल जमिनीला लागतात. बंगळुरूला सापडतात, आणि न्यू जर्सीत तर एके काळी त्यांच्या वस्त्याच होत्या. त्यांना ओळखायची खूण सोपी आहे. साध्या इंजिनिअरला यंत्र सुरू झालं की आनंद होतो. या जमातीला यंत्र सुरू झालं की संशय येतो. इतकं छान चाललंय म्हणजे पॉवर जरा जास्तच सोडलेली असणार, असं मनाशी म्हणत ती माणसं बटण उलटं फिरवायला लागतात.

शिवाय ती सगळं डेसिबलमध्ये मोजतात. तीन डीबी म्हणजे दुप्पट, दहा डीबी म्हणजे दहापट आणि अर्धा डीबी म्हणजे साधारण बारा टक्के. काकांच्या हिशेबानं त्यांचं लग्न झालं त्या दिवशी घरातली माणसं तीन डीबीनं वाढली. पगारवाढीचं पत्र घेऊन ते घरी आले की "पाव डीबी" एवढंच बोलून बुटाच्या नाड्या सोडत बसायचे. आमटी "अर्धा डीबी खारट" असली तर काकू नेमकं तेवढंच पाणी वाढवतात. इतक्या वर्षांच्या सहवासानं त्यांची पळी कॅलिब्रेट झालेली आहे.

काकांना उपमा खपत नाही. "फायबर म्हणजे प्रकाशाची पाइपलाइनच की," असं मी एकदा बोलून गेलो. काकांनी चष्मा काढला. "पाणी जास्त सोडलं म्हणून पाइपचा स्वभाव बदलतो का? इथे प्रकाश जास्त सोडला की काच बदलते. कृपा करून उपमा देऊ नका."

"मग उप्पीट देऊ का?" आतून काकूंचा आवाज आला.

काकांना हसू आलं नाही. त्यांच्या मते विनोद म्हणजे लाँच पॉवरचा अपव्यय.

लाँच पॉवर हा त्यांच्या आयुष्यातला मध्यवर्ती प्रश्न. फायबरच्या तोंडाशी प्रकाश किती जोरात सोडायचा, एवढाच तो प्रश्न आहे, आणि त्यावर एका सुशिक्षित माणसाची सगळी कारकीर्द खर्च होऊ शकते हे काकांना भेटेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. काच कितीही शुद्ध केली तरी प्रकाश वाटेत झिजतो. १९६६ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी गणित मांडलं की किलोमीटरमागे वीस डीबी इतकीच घट होईल अशी काच मिळाली तर तिच्यातून दूरवर बोलता येईल. तेव्हाची काच किलोमीटरला हजार डीबी गिळत होती. आज हीच घट ०.२ डीबीवर आली आहे. काव यांना २००९ साली नोबेल मिळालं. काका त्यांचं नाव घेताना गवई लोक गुरूचं नाव घेताना करतात तसा कानाच्या पाळीला हात लावतात.

तरीही ऐंशी किलोमीटरवर सोळा डीबी जातातच. निघालेल्या प्रकाशाचा चाळिसावा हिस्सा उरतो. मग अँप्लिफायर लावायचा. १९८७ साली एर्बियम मिसळलेल्या फायबरचा अँप्लिफायर आला आणि प्रकाशाला प्रकाश म्हणूनच मोठं करता येऊ लागलं. पण प्रत्येक अँप्लिफायर सिग्नलबरोबर आपली थोडी खरखरही पुढे ढकलतो. साडेसहा हजार किलोमीटरच्या अटलांटिकपार केबलवर असे शंभराच्या आसपास अँप्लिफायर येतात, आणि शंभर जणांची खरखर साठली की मूळ बोलणं तिच्यात बुडायला लागतं.

"मग सुरुवातीलाच जोरात सोडायचा प्रकाश," मी म्हणालो.

काका या वाक्याची वाटच बघत असतात. समोरचा ते बोलला की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. "जोरात बोललं की ऐकू जातं," ते म्हणाले, "हा माणसाचा सगळ्यांत जुना गैरसमज आहे."

आणि मग हाडवैऱ्याचं नाव निघालं.

काकांचा हाडवैरी १९०७ साली वारला. जॉन केर हे ग्लासगोच्या अध्यापक विद्यालयात गणित शिकवायचे. १८७५ साली त्यांनी दाखवून दिलं की काचेवर जोरदार विद्युतक्षेत्र लावलं तर तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाची वागणूक बदलते. आता प्रकाशाच्या पोटातही विद्युतक्षेत्र असतंच. त्यामुळे पुरेसा तीव्र प्रकाश स्वतःच काचेला ढोसतो, तिचा अपवर्तनांक वाढवतो आणि स्वतःच त्यात अडखळतो. केर यांनी हे शोधून काढलं म्हणून ते घडतं, अशी काकांची काहीशी समजूत आहे. "शाळामास्तरानं मुलं शिकवावीत," असं ते कडवटपणे म्हणतात.

याविषयीची त्यांची पोथी म्हणजे रॉचेस्टर विद्यापीठाचे गोविंद अग्रवाल यांचं 'नॉनलिनिअर फायबर ऑप्टिक्स'. हे पुस्तक १९८९ साली पहिल्यांदा आलं, तेव्हापासून नवनव्या आवृत्त्यांत काकांच्या देवघराशेजारच्या फळीवर आहे. श्रावणात त्याचं पारायण होतं. फलश्रुती म्हणून शेजाऱ्यांना आकडे ऐकावे लागतात. एक मिलिवॉट प्रकाश ऐंशी चौरस मायक्रॉनच्या जागेत कोंबला की तिथली तीव्रता भर दुपारच्या उन्हाच्या बारा हजार पट होते. एवढं करूनही काचेचा अपवर्तनांक बदलतो तो दशांशचिन्हानंतर तेराव्या घरात.

"तेराव्या घराचं काय घेऊन बसलात?" असं कुणीतरी विचारतंच.

"शंभर टप्पे चालून बघा. शेवटी लाटेची फेज दीडशे अंश फिरलेली असते. सगळ्यांची सारखीच फिरली असती तर हरकत नव्हती. पण डेटाप्रमाणे प्रकाश क्षणोक्षणी कमीजास्त होतो, म्हणून प्रत्येक क्षण वेगळा फिरतो. आणि हल्ली माहिती लिहितात कशात? फेजमध्येच!" शेवटचा शब्द काकांनी इतक्या जोरात उच्चारलेला असतो की समोरच्या इमारतीत दिवा लागतो. मग काकू स्वयंपाकघरातून हाताचा पंजा खाली दाबल्याची खूण करतात. "अहो, लाँच पॉवर." काका तीन डीबी खाली येतात.

या सगळ्या गणिताचं सार एका नियमात आहे. पॉवर एक डीबीनं वाढवली की सिग्नल एक डीबीनं वाढतो, आणि नॉनलिनिअर विकृती तीन डीबीनं. हळू बोललात तर खरखरीत बुडाल, जोरात बोललात तर स्वतःच्याच आवाजात बुडाल. मधे कुठेतरी एक शिखर आहे, आणि त्याच्यापलीकडे टाकलेलं प्रत्येक पाऊल उताराचं. शॅननच्या १९४८ सालच्या सिद्धांताप्रमाणे सिग्नल वाढवत गेलं की वहनक्षमता, हळूहळू का होईना, वाढतच राहायला हवी. २००१ साली पार्थ मित्रा आणि जेसन स्टार्क यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की फायबरमध्ये ती वाढते, टेकते आणि पडायला लागते.

काका हे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत दरवर्षी सिद्ध करतात. गच्चीच्या गळतीचा विषय निघाला की सेक्रेटरी उभे राहतात, मग तिसऱ्या मजल्याचे प्रतिनिधी त्यांच्याहून मोठ्यानं उभे राहतात. काका मागच्या खुर्चीवर वहीत आलेख काढत बसलेले असतात. एका क्षणी हात वर होतो. "सेक्रेटरीसाहेब, तुम्ही ऑप्टिममच्या दोन डीबी पुढे गेला आहात." सेक्रेटरींना हा भ्रष्टाचाराचा आरोप वाटतो. ते खुलासा द्यायला लागतात, आवाज आणखी चढतो, आणि काका समाधानानं आलेखावर पुढचा बिंदू टाकतात. गच्ची गळतेच आहे. आलेख मात्र दरवर्षी सुबक होत चालला आहे.

काकांच्या जमातीला जुन्या दुःखांची फार आवड असते. काकांचं लाडकं दुःख डिस्पर्शनचं. प्रकाशाचे वेगवेगळे रंग काचेतून वेगवेगळ्या वेगानं चालतात, म्हणून लांब जाता जाता पल्स पसरते आणि शेजारच्या पल्सवर जाऊन बसते. साध्या फायबरमध्ये हा पसारा १५५० नॅनोमीटरजवळ किलोमीटरमागे नॅनोमीटरला सतरा पिकोसेकंद. ऐंशीच्या दशकात हुशार लोकांनी असं फायबर काढलं की नेमक्या त्याच तरंगलांबीला हा आकडा शून्य व्हावा. सगळे रंग एका चालीनं चालू लागले. जपाननं तर असं फायबर मैलोन्‌मैल पुरलं. आणि नव्वदच्या दशकात एकाच फायबरमध्ये अनेक रंगांचे चॅनेल सोडायची वेळ आली, तेव्हा कळलं की एका चालीनं चालणारे तीन रंग एकत्र आले की केरच्या कृपेनं चौथाच रंग जन्माला घालतात, आणि चॅनेल समान अंतरावर असतील तर हा चौथा नेमका दुसऱ्या कुणाच्या तरी जागेवर जाऊन बसतो. विकृती घालवायच्या नादात विकृतीला मोकळं रान मिळालं.

"चार लहरींचं हे मिश्रण तुम्हाला रोज खाली बघायला मिळेल," काका मला म्हणाले. आमच्या आवारात तीन बाकं होती, समान अंतरावर. सकाळी तीन पेन्शनर एकाच चालीनं फेऱ्या मारून तिथे बसत. पहिला म्हणायचा बिल्डर येऊन गेला, दुसरा म्हणायचा पाण्याची टाकी गळते, तिसरा म्हणायचा सेक्रेटरी सुट्टीवर आहेत. साडेनऊपर्यंत इमारतभर बातमी झालेली असायची की सेक्रेटरी बिल्डरला टाकीसकट इमारत विकून पळाले. ही बातमी तिघांपैकी कुणीच सोडलेली नसायची. काकांनी कमिटीला अर्ज देऊन बाकं असमान अंतरावर हलवून घेतली. फायबरमध्येही त्या काळी चॅनेल मुद्दाम असमान अंतरावर ठेवून बघत. अफवा थांबल्या नाहीत, पण काकांच्या म्हणण्याप्रमाणे त्या आता कुणाच्या चॅनेलवर पडत नाहीत, अधल्यामधल्या रिकाम्या जागेत पडतात.

पुढे शहाणपण आलं की डिस्पर्शन थोडं राहू द्यावं. रंग एकमेकांच्या मागेपुढे झाले तर त्यांना कट करायला सवड मिळत नाही. मग फायबर अशी आली की डिस्पर्शन थोडंसं, पण शून्य नाही. धन आणि ऋण डिस्पर्शनचे तुकडे आलटून पालटून जोडायचे, म्हणजे वाटेत प्रकाश पसरलेला राहील आणि मुक्कामाला गोळा होऊन पोचेल. अशा तुकड्यांचे नकाशे आखणं हे काकांचं ऐन उमेदीतलं काम. रात्र रात्र ते पट्टी घेऊन बसायचे. आणि २०१० च्या सुमारास कोहेरंट रिसीव्हर आले. त्यातली चिप म्हणाली, डिस्पर्शन तुम्ही तसंच येऊ द्या, मी गणितानं काढते. उलट वाटेत ते भरपूर साठलं तर नॉनलिनिअर विकृतीही पसरून सौम्य होते. काकांचे नकाशे एका पावसाळ्यात रद्दीत गेले. त्यांनी दोन दिवस सुतक पाळलं. तिसऱ्या दिवशी नव्या पद्धतीनं सिस्टिम सुधारल्याचे आकडे वाचले आणि सुतकातच श्रीखंड आणलं.

पहिलं प्रेम मात्र वेगळंच होतं. १८३४ साली एडिंबराजवळच्या कालव्यात जॉन स्कॉट रसेल यांना एक एकटी लाट दिसली. होडी थांबली, लाट थांबली नाही. आकार न बदलता पुढे चालू लागली आणि रसेल घोड्यावरून तिच्या मागे मैल-दीड मैल गेले. १९७३ साली बेल लॅब्समध्ये अकिरा हासेगावा आणि फ्रेडरिक टॅपर्ट यांनी सांगितलं की फायबरमध्ये प्रकाशाचीही अशी लाट चालेल: डिस्पर्शन तिला पसरवू बघेल, केर तिला आवळू बघेल आणि दोघांच्या ओढाताणीत तिचा आकार टिकेल. १९८० मध्ये लिन मॉलेनॉअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती खरोखर करून दाखवली. हिचं नाव सॉलिटॉन. तरुण काकांना हे ऐकून इतकं भरून आलं की लग्नानंतर काकूंना पहिल्यांदा फिरायला नेलं ते पुण्यात मुठा कालव्याच्या काठी, एकटी लाट बघायला. काकूंना लाट दिसली नाही, म्हशी दिसल्या.

सॉलिटॉनचा संसार झाला नाही. अँप्लिफायरची खरखर त्याला किंचित धक्का देते, त्याचा वेग थोडा बदलतो, आणि लांबच्या मुक्कामी तो लवकर किंवा उशिरा पोचतो. १९८६ साली जेम्स गॉर्डन आणि हर्मन हाउस यांनी हे गणितानं मांडलं. काकांनी जड अंतःकरणानं काकूंना समजावलं, "आकार तसाच राहतो गं. फक्त वेळ सांगता येत नाही."

"म्हणजे तुमचा धाकटा भाऊ," काकू म्हणाल्या.

काकूंच्या बुद्धीचा खरा प्रभाव दिसला तो बॅकप्रॉपगेशनच्या वेळी. काकांची या विषयावरची श्रद्धा एका गोष्टीवर उभी आहे. अँप्लिफायरची खरखर परकी असते, यदृच्छेनं येते, तिचं काही करता येत नाही. पण केरची विकृती सिग्नलनं स्वतःच स्वतःवर ओढवून घेतलेली असते. तिच्यामागे नियम आहे. ज्याला नियम आहे ते उलटं चालवून पुसता येईल. २००८ साली स्टॅनफर्डच्या एझ्रा इप आणि जोसेफ कान यांनी नेमकं हे मांडलं: पोचलेला बिघडका सिग्नल घ्यायचा आणि संगणकातल्या एका काल्पनिक फायबरमधून उलटा पाठवायचा. खऱ्या काचेनं जिथे फेज पुढे ढकलली तिथे मागे ओढायची, जिथे पसरवलं तिथे आवळायचं, असं टप्प्याटप्प्यानं मागे जात मूळ सिग्नलपर्यंत यायचं.

काकांनी हे घरातल्या भांडणाला लावलं. मंगळवारचा अबोला हा पोचलेला सिग्नल. त्याच्या मागचा टप्पा: सोमवारी चहा न विचारता आला. त्याच्या मागचा: शनिवारी पातेलं नको तितक्या जोरात खाली ठेवलं गेलं. असं मागे जात जात ते गुरुवार रात्रीपर्यंत पोचले, जिथे ते स्वतः पडवळाच्या भाजीला "निरुपद्रवी" म्हणाले होते. कागद घेऊन ते विजयी मुद्रेनं स्वयंपाकघरात गेले. एवढा एक शब्द मागे घेतला की पुढचे सगळे टप्पे आपोआप सरळ होत होते.

काकूंनी कागद वाचला. "यात तुमच्या ताई कुठे आहेत? शुक्रवारी त्यांचा फोन आला होता."

"तो माझ्या चॅनेलवर नव्हता."

"तेच म्हणते मी. आणि सोमवारी माझं नुसतंच डोकं दुखत होतं. ते कुठल्या टप्प्यात घेतलंत?"

काका ओट्याजवळच्या स्टुलावर बसले. जगभरच्या प्रयोगशाळांना ज्या दोन भिंती आडव्या आल्या, त्या काकूंनी फोडणी करपू न देता दाखवल्या होत्या. एक म्हणजे शेजारचे चॅनेल. रिसीव्हरकडे आपला चॅनेल असतो. शेजारी काय बोलत होते ते त्याला कळत नाही. आणि केरच्या सूत्रात शेजाऱ्याच्या तीव्रतेचा परिणाम आपल्या स्वतःच्या तीव्रतेच्या दुप्पट असतो, ही गोष्ट सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्याला वेगळी शिकवावी लागत नाही. दुसरी भिंत खरखरीची. ती वाटेत सिग्नलमध्ये मिसळते, विकृतीतही भाग घेते, आणि तिला उलटं चालवायला तिच्याकडे नियमच नसतो. म्हणून इतकं प्रचंड गणित करून, चिपला घाम फोडून, खऱ्या केबलवर पदरात पडतो तो अर्धा डीबी. फार तर एक.

दुसरा एक उपाय काकांना आवडतो. २०१३ साली बेल लॅब्सच्या मंडळींनी प्रत्येक सिग्नलबरोबर त्याचा फेज उलटी केलेला जुळा भाऊ पाठवला. दोघांवरची विकृती एकमेकांच्या उलट येते. मुक्कामाला दोघांची बेरीज केली की ती बरीचशी कटते. अशा रीतीनं त्यांनी १२,८०० किलोमीटर मजल मारली. किंमत एवढीच की एकाच निरोपाला दोन जागा लागतात. काकांच्या मते मराठी आईबापांना हे तंत्र आधीपासून येतं. परदेशातल्या मुलाला वडील फोन करून सांगतात, "दिवाळीला येऊ नकोस, उगाच खर्च." अर्ध्या तासानं आई फोन करते, "ये रे." मुलानं बेरीज करायची असते.

निवृत्तीच्या उंबरठ्यावर काकांना अखेर त्यांच्या मनासारखी केबल बघायला मिळाली. समुद्रातल्या अँप्लिफायरना वीज किनाऱ्यावरून, केबलमधल्याच तांब्यातून जाते, तेव्हा तीही मोजूनमापून मिळते. ती मोजक्या फायबरमध्ये जोरात बोलण्यावर खर्च करण्याऐवजी जास्त फायबरमध्ये हळू बोलण्यावर का खर्च करू नये? या विचारानं बांधलेली ड्युनांट ही केबल २०२१ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया बीचपासून फ्रान्सपर्यंत सुरू झाली: बारा फायबर जोड्या आणि सेकंदाला अडीचशे टेराबिट. त्याआधीची त्याच किनाऱ्यावरून स्पेनला जाणारी मारेआ आठ जोड्यांची होती. शिवाय हे नाव रेडक्रॉसच्या आँरी ड्युनांट यांचं, ज्यांना शांततेचं पहिलं नोबेल मिळालं. काकांना यात योगायोग दिसत नाही.

त्याच वर्षी त्यांनी आमच्या गणपती मंडळाला पत्र दिलं. स्पीकरची एक भिंत उभारण्याऐवजी आवारात बारा ठिकाणी बारा छोटे स्पीकर, हळू आवाजात. भाडं निम्म्यावर येतंय म्हटल्यावर पोरं तयार झाली. प्रयोग पूर्ण यशस्वी झाला. इमारतीच्या कानाकोपऱ्यात, अगदी पंपाच्या खोलीतही, प्रत्येक शब्द सुस्पष्ट ऐकू येऊ लागला. त्यामुळे आरती म्हणणाऱ्यांपैकी निम्मे लोक भलतेच शब्द म्हणतात, हे मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा सगळ्यांना कळलं. अध्यक्ष तर एका कडव्यात नुसतेच ओठ हलवत होते. पुढच्या वर्षी मंडळानं एकमतानं पुन्हा भिंत उभारली. "लोकांना विकृती हवी असते," काका म्हणाले, "तिच्यात लपता येतं." हे वाक्य ते फार हळू बोलले, आणि म्हणूनच की काय, मला पूर्ण ऐकू आलं.

आता काका निवृत्त आहेत. जमातीची गादी त्यांच्या भाचीकडे गेली आहे. ती परदेशात याच विषयावर संशोधन करते. मामांचं उलटं चालणारं गणित ती न्यूरल नेटवर्कला शिकवते: प्रत्येक टप्प्याचे आकडे हातानं न बसवता यंत्रानं उदाहरणं बघून बसवायचे, म्हणजे कमी पायऱ्यांत तेवढंच काम होतं आणि चिपचा घाम वाचतो. दर रविवारी मामा-भाचीचं व्हिडिओवर बोलणं होतं. तिच्या पिढीच्या यंत्रावर काकांचा विश्वास नाही. "कारण न कळता बरं झालेलं दुखणं पुन्हा उलटतं," असं ते तिला बजावतात. "मामा, तुम्हाला कारण सगळं कळलं होतं, तरी किती बरं झालं?" असं ती विचारते. मग थोडा वेळ नेटवर्क गेल्यासारखं होतं, पण नेटवर्क गेलेलं नसतं.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी काकांच्या घरातून असा आवाज आला की आम्ही चारपाच जण जिन्यात धावलो. दार उघडंच होतं. काका उभे होते, ऑप्टिममच्या किमान सहा डीबी पुढे, आणि काकू पंजा खाली दाबायचं विसरल्या होत्या. भाचीच्या प्रयोगात जुन्या पद्धतीपेक्षा सुधारणा दिसली होती.

"किती?" मी विचारलं.

"अर्धा डीबी!"

माझा चेहरा पाहून त्यांनी वही ओढली. "अहो, बारा टक्के! खरखर अंतराबरोबर साठत जाते. म्हणजे बारा टक्के सवड मिळाली तर बारा टक्के लांब जाता येतं. साडेसहा हजार किलोमीटरवर किती झाले? पावणेआठशेच्या वर! मुंबईहून निघून नागपूर येईपर्यंतचं अंतर हो, फुकट! ना नवी केबल, ना नवा अँप्लिफायर." माणसं आयुष्यभर पैसा, मान, जागा असं काही ना काही दुपटीनं मागत असतात. हा माणूस बारा टक्क्यांसाठी चाळीस वर्षं थांबला होता आणि ते मिळाल्यावर त्याला जग जिंकल्यासारखं वाटत होतं, तेही दुसऱ्या कुणीतरी मिळवलेले. त्या क्षणी मला त्यांचा मनापासून हेवा वाटला.

काकांनी तेवढ्यात दोन किलो पेढे मागवले. पहिला देवापुढे, दुसरा अग्रवालांच्या पुस्तकापुढे ठेवला आणि तिसरा, जरा का कू करत, जॉन केर यांच्या नावानं बाजूला काढला. त्यांच्यावाचून हा दिवस दिसला नसता, हे त्यांनी प्रथमच कबूल केलं. मग पिशवी घेऊन ते मजल्यामजल्यावर निघाले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनीही दार उघडून पेढा घेतला. विकृती कमी झाली हे ऐकून त्यांना बरं वाटलं. "कधी ना कधी औषध लागू पडतंच," त्या म्हणाल्या.

खाली वॉचमननं दोन पेढे एकदम तोंडात टाकले आणि काकूंना विचारलं, "काय झालं काकू? नातू की नात?"

"अर्धा डीबी," काकू म्हणाल्या.

वॉचमन क्षणभर थबकला. पण भला माणूस, लगेच सावरून त्यानं पुढची चौकशी केली, "नॉर्मल ना?"

"नाही हो," काकू म्हणाल्या, "नॉनलिनिअर."